आठवीनंतर हात सोडू नका

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

साहेब, मी नवी मुंबईत तुर्भे स्टोअरच्या वस्तीत बारा वर्षं शिकवण्या घेते. माझ्याकडची एक मुलगी यंदा आठवी पास झाली. वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार, आई वाशीत चार घरची धुणीभांडी करते. पहिलीला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, सोडतीत नंबर लागला, म्हणून ती इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत गेली. सकाळी पाणी भरायचं, धाकट्याला अंगणवाडीत सोडायचं, मग शाळा गाठायची. रात्री घरात पाय पसरायला जागा नसते, म्हणून आमच्या जिन्यातल्या दिव्याखाली बसून गणितं सोडवते.

निकालाच्या दिवशी ती पेढे नाही, नववीच्या फीचा कागद घेऊन आली. "बाई, आई म्हणते दाखला काढू."

तिच्या बाकावरची मैत्रीण पाम बीचच्या श्रीमंत वस्तीत राहते. तीही अभ्यासू आहे, तिचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण तिला कष्ट फक्त अभ्यासाचे पडतात. सत्कारात पाहुणे दोघींनाही एकच सांगतात, मेहनत करा. माझ्या पोरीने अजून किती करायची?

कायदा 6 ते 14 वयाचा, त्यामुळे 25 टक्के राखीव जागांवरच्या मुलांची फी आठवीपर्यंतच माफ. बोर्डाला दोन वर्षं उरली की सरकार हात सोडतं. गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीची एनएमएमएस ही परीक्षा पास झाली असती तर वर्षाला 12,000 रुपये मिळाले असते. पण ती शिष्यवृत्ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. ही विनाअनुदानित शाळेत, म्हणून बसताच आलं नाही. गरीब म्हणून ज्या शाळेत घातलं, त्याच शाळेमुळे गरिबांची शिष्यवृत्ती गेली! हे मला त्या आईला समजावून सांगता आलं नाही.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली होती. 2009 च्या कायद्याने आपण चौदापर्यंत आलो. एवढ्या काळात दोन वर्षं. आणि 2024 मध्ये सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना या 25 टक्क्यांतून सूट देणारी अधिसूचना निघाली, ती उच्च न्यायालयाने रद्द केली म्हणून निभावलं.

मागणी एकच आहे. आरटीईतून आलेल्या मुलांची फी राज्याने दहावीपर्यंत भरावी. कायदा बदलायला वेळ लागणार असेल, तर तोवर शासन निर्णय काढा.

तिचा दाखला अजून काढलेला नाही. शाळा उघडेपर्यंत थांबा, असं मी आईला सांगून ठेवलंय.

आपली,
तुर्भ्यातली एक शिकवणीवाली बाई