‘तसे’ म्हणजे कसे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘बॅकस्ट्रीट बॉइज’ या अमेरिकी बॉय बँडच्या ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ या गाण्यावरील लेख आपल्या पुरवणीत वाचला. गाण्याचे शब्द अर्थहीन आहेत, हा लेखातील शेरा मला मान्य आहे. कडव्यांत प्रेयसीला ‘मला ते तसेच हवे’ असे सांगणारा नायक ध्रुवपदात येताच हेच वाक्य तिच्या तोंडून कधी ऐकावे लागू नये अशी विनवणी करतो, आणि ‘तसे’ म्हणजे कसे, याचा उलगडा गाणे संपले तरी होत नाही. मात्र हा सारा गीतकारांचा निष्काळजीपणा होता, हे लेखातील अनुमान पटण्यासारखे नाही.

हे गाणे मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्लसन यांनी लिहिले. दोघांचीही मातृभाषा स्वीडिश, आणि ध्वनिमुद्रण झाले ते स्टॉकहोममधील ‘शेरॉन’ स्टुडिओत, १९९८ च्या अखेरीस. (स्टुडिओचे संस्थापक डेनिस पॉप यांचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी निधन झाले होते.) तेथे आधी चाल पक्की होई आणि शब्दांची निवड त्यांच्या नादावर ठरे. आपल्याकडेही चाल आधी तयार झाली की तिचे वजन कळावे म्हणून डमी शब्द घालतात आणि पुढे गीतकार त्यांच्या जागी खरे शब्द बसवतो. या गाण्यात ते डमी शब्दच कायम राहिले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पण ते नजरचुकीने राहिलेले नाहीत. अर्थाची संगती लावून लिहिलेली दुसरी आवृत्तीसुद्धा ध्वनिमुद्रित झाली होती. दोन्ही समोर असताना गायकांनी पहिलीच पसंत केली, कारण दुसरीत अर्थ होता, पण ती मोहिनी नव्हती.

येथे कोणी तराण्याचा दाखला देईल. मी देणार नाही. तराण्याचे बोल अर्थाचा आव आणत नाहीत, हे गाणे मात्र आणते, आणि माझ्या मते त्याची गंमत तेथेच आहे. गिटारच्या साध्या सुरावटीवर ब्रायन लिट्रेलचा एकट्याचा आवाज, पुढे एकेक करून येणारे इतर गायक आणि अखेरीस वरच्या पट्टीत गेलेले ध्रुवपद, एवढ्याने ऐकणाऱ्याला विरह झाल्यासारखे वाटते. विरह कशामुळे, हे विचारायचे राहूनच जाते. मुंबईत ४ मे २०२३ रोजी हा बँड गायला, तेव्हा गाण्याला चोवीस वर्षे झाली होती.

लेखात एक चूक मात्र आहे. एप्रिल १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले, अमेरिकेत नव्हे. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या ‘हॉट हंड्रेड’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते सहाव्या स्थानापलीकडे गेले नाही, आणि त्याचे कारण लोकप्रियतेत शोधणे व्यर्थ आहे. अमेरिकेत त्याची स्वतंत्र सीडी वा कॅसेट दुकानांत आणलीच गेली नव्हती, त्यामुळे क्रमवारीत विक्रीचा वाटा शून्य राहिला आणि सारी मदार रेडिओवरील प्रसारणावर होती. ज्याला गाणे घरी न्यायचे होते, त्याला ‘मिलेनियम’ हा संपूर्ण अल्बम घ्यावा लागे, आणि त्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत अकरा लाखांहून अधिक प्रती खपल्या. रेकॉर्ड कंपनीने क्रमांक गमावून काय कमावले, ते यावरून दिसते.

पुढील अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक