दुसरे मशीन घेण्यापूर्वी

॥ श्री ॥

जांबोटी, ता. खानापूर
१४ जुलै २०२५

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लावणी अजून दोन दिवस चालेल आणि पावसाने उसंत दिली नाही तर कदाचित चार. येथे मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या कट्ट्यावर येते. तेथे छत्रीखाली उभे राहून तुझे व्हीएमसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचे, कोटेशन आणि त्याबरोबरचा तुझा हिशेब वाचला. फोनवर या विषयावर आपले दोनदा वाजले आहे आणि दोन्ही वेळा मी आवाज चढवला, म्हणून या वेळी लिहून पाठवतो. आपल्या कारखान्याच्या शेडची ट्रक दर गुरुवारी लाकूड घेऊन इकडून जाते, तिच्या चालकाकडे हे पत्र देईन.

प्रथम हे सांगतो की धंदा वाढवावा या तुझ्या म्हणण्याला माझा विरोध नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आपल्यानंतर आलेली मुले आज चार-चार मशीन चालवतात आणि आपण एका व्हीएमसीवर व दोन जुन्या लेथवर अडून आहोत, याचे मलाही वाईट वाटते. माझा आक्षेप आहे तो तुझ्या कागदावरील एका आकड्याला, आणि तो आकडा म्हणजे २०० तास.

तू लिहिले आहेस की मशीन ३० लाखांचे, त्यापैकी २४ लाख कर्ज, साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे, म्हणजे हप्ता सुमारे ५१,६०० रुपये. ऑपरेटरचा पगार २२,०००, वीज १२,०००, इन्सर्ट व कटर, म्हणजे कापण्याची हत्यारे (टूलिंग), १०,०००, आणि कूलंट, गंजरोधक तेल, देखभाल व भाड्याचा वाटा मिळून ९,४००. महिन्याची बेरीज १,०५,००० होते आणि ती बरोबर आहे. तिला तू २०० तासांनी भागलेस, ताशी खर्च ५२५ आला, ग्राहक ६०० द्यायला तयार आहे, म्हणून ताशी ७५ रुपये सुटतात असे तू धरलेस. परंतु ऑपरेटर आठ तास शेडमध्ये असतो म्हणजे स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा मशीनचा दांडा, आठ तास फिरते असे नाही. नवा जॉब लागला की सेटिंगला दोन-तीन तास जातात, पहिला नग मोजून पास होईपर्यंत मशीन उभे राहते, फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, सकाळी येणार म्हणून दुपारी येते, वीज क्षणभर गेली तरी प्रोग्राम मधून सहजासहजी सुरू करता येत नाही. तुझ्या आईची वही काढून पाहा. गेल्या वर्षी तिने आपल्या मशीनचे तास रोज लिहिले आहेत आणि ते महिन्याला १५० च्या आसपास भरतात. १,०५,००० ला १५० ने भाग म्हणजे ताशी खर्च ७०० येईल. ज्या कामात तू ७५ रुपये नफा पाहतेस, त्यात मला १०० रुपये तोटा दिसतो, आणि हा तोटा महिना-दोन महिने कळतसुद्धा नाही, कारण तोपर्यंत काम भरपूर असते आणि शेडमध्ये सगळे धावपळीत असतात.

यातच कास्टिंगमधल्या भोकांचा विषय येतो. बोअर, म्हणजे मापाचे भोक, अर्धा झाला की आत ब्लो-होल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, उघडे पडते, नग लाल रंग लावून बाजूला ठेवावा लागतो, आणि तोवर आपले चाळीस मिनिटांचे मशीनिंग झालेले असते. दोष फाउंड्रीचा असला तरी मशीनिंगचे पैसे आपल्याला कोणी देत नाही, कारण आपण ते कधी लिहून घेतलेले नसते. पुढच्या पर्चेस ऑर्डरवर सही करण्यापूर्वी, कास्टिंगचा दोष मशीनिंगनंतर उघड झाल्यास झालेल्या कामाचे निम्मे तरी पैसे मिळतील, हे एक वाक्य घालून घे. मी बारा वर्षे ते मागायला संकोचलो. मागितले तेव्हा ग्राहकाच्या खरेदी खात्यातील माणसाने हसून लगेच लिहून दिले.

आता माझी सूचना सांगतो. आपल्या सध्याच्या व्हीएमसीचे कर्ज गेल्या मार्चमध्ये फिटले. तेच मशीन दुसऱ्या पाळीत चालवलेस तर वाढीव खर्च फक्त दुसऱ्या ऑपरेटरचा, विजेचा आणि टूलिंगचा. रात्रीचे म्हणून पगार २४,००० धर, वीज १२,००० आणि टूलिंग १०,०००, म्हणजे ४६,०००. त्यातून १५० तास मिळाले तर ताशी ३०७ रुपये पडतात. तोच ग्राहक, तेच ६०० रुपये, आणि बँकेत जाण्याची गरज नाही. तू म्हणशील की रात्रीसाठी विश्वासू माणूस मिळत नाही, आणि ते खोटे नाही. आपले मिस्त्री गेली वीस वर्षे हेच सांगत आले आहेत. पण आयटीआय झालेल्या दोन मुलांना आत्तापासून मिस्त्रींच्या हाताखाली दिवसा घेतलेस तर तीन महिन्यांत ती निदान ठरलेला जॉब न चुकता चालवतील. सेटिंग दिवसा करावे आणि रात्री फक्त चालू जॉब ठेवावा. दुसऱ्या मशीनलाही शेवटी माणूस लागणारच आहे, मग तो आधी तयार झालेला बरा.

मी हे इतके ताणून का सांगतो, ते तुला अर्धवट माहीत आहे, कारण २००८ साली तू सातवीत होतीस. त्या वर्षी उन्हाळ्यात मी एका मोठ्या ग्राहकाच्या तोंडी शब्दावर सीएनसी लेथ घेतली. 'दोन वर्षे काम कमी पडू देणार नाही' असे ते म्हणाले होते, आणि त्यांनी ते मनापासून म्हटले होते असे मला आजही वाटते. दिवाळीच्या सुमारास जगभर मंदी आली, वाहनांचे उत्पादन घटले आणि त्यांच्याकडून येणारे काम एका आठवड्यात थांबले. आठ महिने ते मशीन ताडपत्रीखाली होते. दर रविवारी मी एकटा शेडमध्ये जाऊन ते अर्धा तास चालू करत असे, स्लाइडला तेल फिरावे आणि कंट्रोलरची मेमरी जाऊ नये म्हणून. रिकामे स्पिंडल फिरताना जो आवाज येतो तो मला आजही आवडत नाही. हप्ते तुझ्या आईच्या शिवणकामातून आणि या जमिनीच्या भातातून गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलचे दुकान काढले आणि येथूनच पुढे ते केवढे झाले, हे आपल्याकडे प्रत्येक सत्कारात सांगतात. मला मात्र त्यांचे लोखंडी नांगर आठवतात, जे लोखंडाने जमीन बिघडते या शेतकऱ्यांच्या समजुतीमुळे सुरुवातीला विकलेच जात नव्हते.

कोटेशनच्या खाली बारीक अक्षरांत 'जीएसटी वेगळा' असे लिहिले आहे, ते तू पाहिले नसावेस. ३० लाखांवर १८ टक्के म्हणजे ५,४०,००० रुपये. त्याचे क्रेडिट आपल्याला मिळेल हे खरे, पण ते हाती रोख येत नाही. आपल्या बिलांवरील करातून थोडे थोडे वळते होत जाते. म्हणजे आपल्या खिशातून कर्जाबाहेरचे ६ लाख मार्जिन आणि हे ५,४०,००० मिळून ११,४०,००० आधी जाणार. त्यानंतर ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतो म्हणतो. पहिल्या महिन्याचे बिल महिनाअखेर गेले, तर त्याचे पैसे चौथ्या महिन्याच्या अखेरीस येतील. तोवर चार महिन्यांचा खर्च ४,२०,००० झालेला असेल. एकूण १५,६०,००० झाले आणि आपल्या चालू खात्यात साडेसात लाख आहेत. धंदा तोट्याने जितका बुडतो, त्याहून अधिक वेळा तो असा भरल्या ऑर्डरबुकात रोखीअभावी गुदमरतो. मी उद्यमबागेत अशी तीन शेड बंद होताना पाहिली आहेत.

९० दिवसांबद्दल थोडे अधिक. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने, लागू होते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, या मुदतीत पैसे न दिल्यास ग्राहकाला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. ज्याच्याकडून उद्या काम हवे आहे, त्याच्यावर थकीत पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करायला मी तुला सांगणार नाही. पण आपला उद्यम नोंदणीचा क्रमांक आणि '४५ दिवस' हे शब्द प्रत्येक बिलावर ठळक छापून घे. खरेदी खाते ते वाचत नाही, परंतु मार्चमध्ये त्यांचे अकाउंट खाते नक्की वाचते. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटी झाली आहे, म्हणून नवे मशीन घेतल्यावरही आपण सूक्ष्मच राहू. तुझ्या मोठ्या ग्राहकाची उलाढाल २५० कोटींच्या वर आहे, त्यामुळे त्याला ट्रेड्स या व्यासपीठावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. तेथे त्याने आपले बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडा बट्टा कापून आपल्याला लवकर पैसे मिळतात. हे त्याला विचारायला लाजू नकोस.

त्याच ग्राहकाकडून आज आपल्या शंभर रुपयांतले ६८ येतात, ही मला मशीनपेक्षा मोठी काळजी आहे. मच्छेच्या फाउंड्र्या, शिनोळी, कोल्हापूरचे शिरोली आणि गोकुळ शिरगाव, धारवाड, सगळे दोन-तीन तासांच्या आत आहे. शिनोळी तर इतकी जवळ की आपले मिस्त्री सायकलने जात असत, पण ती महाराष्ट्रात आहे हे कागदावर विसरू नकोस. मच्छेहून २०,००० चे कास्टिंग आले तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन नोंद, लागत नाही, कारण राज्याच्या आत ५०,००० ची मर्यादा आहे. शिनोळीहून जॉबवर्कसाठी येणारे कास्टिंग मात्र कितीही किमतीचे असो, परराज्यातून येते म्हणून ई-वे बिल लागतेच, आणि ग्राहकाने काढले नाही तर आपण काढू शकतो. दिलेला माल एका वर्षाच्या आत परत गेला पाहिजे, म्हणून परतीच्या चलनावर मूळ चलनाचा क्रमांक लिहीत जा. आणि कोणी जीएसटीच्या कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरण्याच्या, योजनेचा सल्ला दिला तर ऐकू नकोस, कारण त्या योजनेत परराज्यात काम देता येत नाही आणि ग्राहकाला आपल्या बिलावर क्रेडिटही मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटून गाड्या अडल्या तेव्हा शिनोळीचा माल चार दिवस पलीकडेच राहिला होता. तेव्हापासून मी तेथील कामाच्या तारखा नेहमी एक आठवडा सैल देत आलो.

धारवाड-हुबळीकडे जाशील तेव्हा पहिले वाक्य कन्नडमध्ये बोल, पुढे इंग्रजी चालते. आपल्याला या भाषेत काम मागायला कमीपणा वाटू नये. मला ती मशीनवरच्या पोरांनी शिकवली. शेडची नवी पाटी करशील तेव्हा ६० टक्के भाग कन्नडमध्ये हवा, तो नियम २०२४ पासून आहे.

हत्तरगीच्या औद्योगिक वसाहतीतील विमानांच्या सुट्या भागांचे काम मिळावे अशी तुझी इच्छा आहे आणि ती रास्त आहे. ते नंतर बघू. तेथे मापापेक्षा नोंदी जास्त पाहतात, आणि आपल्याकडे अजून बोअर गेजच्या (भोक मोजण्याच्या साधनाच्या) कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासणीची, तारीख भिंतीवर खडूने लिहिलेली असते.

तर मशीन विकणाऱ्याला नकार देऊ नकोस. कोटेशनची मुदत दिवाळीपर्यंत वाढवून माग. तोवर दुसरी पाळी लाव, स्पिंडलचे तास आईच्या वहीत रोज संध्याकाळी लिही आणि एक नवा ग्राहक मिळव, लहान का असेना. महिन्याला २८० तास भरू लागले आणि त्या मोठ्याचा हिस्सा ५० च्या खाली आला, तर मी स्वतः तुझ्याबरोबर बँकेत येईन. घराचा उतारा मात्र तारण देऊ नकोस. सीजीटीएमएसई या सरकारी कर्जहमी योजनेखाली आता १० कोटींपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय बसते, व्यवस्थापकाने टाळाटाळ केली तरी तेच माग.

दादाला आशीर्वाद सांग. आईला सांग की कुंदा संपला.

तुझे
बाबा

ता. क. नगांचे फिनिश झालेले पृष्ठभाग रात्री उघडे ठेवू नका. या हवेत सकाळपर्यंत तांबूस होतात, मग मिस्त्री एमरी पेपरने घासतात आणि माप जाते. तेलाचा डबा लेथच्या मागे, डाव्या हाताला आहे.