‘दुप्पट’ म्हणजे कशाच्या दुप्पट?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘वाचकांनी स्वतःच्या डोक्याने विचार करावा’ हा कालचा अग्रलेख वाचला. उपदेश शिरसावंद्य. पण त्याच अंकात पहिल्या पानावर, एका सवयीचा आजाराशी संबंध जोडणाऱ्या बातमीला ‘धोका दुप्पट’ हा ठळक मथळा होता आणि बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनही कशाच्या दुप्पट, हे कळले नाही. दहा हजारांत एकाचे दोघे झाले तरी दुप्पट, शंभरात विसांचे चाळीस झाले तरी दुप्पटच. पहिल्या बाबतीत वाचकाने निवांत पान उलटावे, दुसऱ्या बाबतीत डॉक्टर गाठावा. मूळ प्रमाणच गाळल्यावर डोके चालवायचे ते कशावर?

हा शब्दच्छल नव्हे. ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होत असल्याचा इशारा दिला. माध्यमांनी ‘दुप्पट’ तेवढे उचलले. प्रत्यक्षात सात हजार स्त्रियांमागे एकीच्या जागी दोघी, एवढीच ती वाढ! धास्तावून अनेकींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. वास्तविक गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा गरोदरपणातच अधिक असतो. मथळा खोटा नव्हता, अर्धा होता.

आपल्या बातमीत किती जणांची पाहणी झाली, किती काळ झाली, पैसे कोणी दिले, यांचाही पत्ता नाही. मजकुरात ‘संबंध आढळला’ आहे, उपमथळ्यात त्याचे ‘मुळे’ झाले. एका सवयीच्या माणसांना इतरही सवयी असतात. त्यांचा परिणाम वजा केला होता का, हे बातमीदाराने विचारायला हवे होते. संस्थेचे प्रसिद्धिपत्रक उतरवून काढले की असे प्रश्न पडत नाहीत म्हणा.

सोबतच्या स्तंभालेखाने तर कडी केली. उभा अक्ष ९६पासून सुरू! त्यामुळे ९९चा स्तंभ ९७च्या तिप्पट उंच दिसतो. खरा फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. रेषालेखात ही सूट एकवेळ चालते, तिथे चढउतार पाहायचा असतो. स्तंभांत डोळा उंचीच मोजतो, म्हणून अक्ष शून्यापासूनच हवा.

मूळ प्रमाणासह दुरुस्ती छापावी, तीही पहिल्या पानावर. एरवी आपल्या दुरुस्त्या आतल्या पानाच्या तळाशी, भिंग घेऊन शोधाव्या लागतात.

आपला,
एक नियमित वाचक