रोजचे वजन पाहणारे पलीकडे कोणी आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयाचे पंपिंग कमी झालेला, म्हणजे 'हार्ट फेल्युअर'चा रुग्ण दवाखान्यातून घरी जातो, तेव्हा डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी बहुधा एक ओळ असते : 'मीठ कमी, पाणी मोजून, रोज वजन पाहणे.' घरात वजनकाटा आहे का, आजचे वजन किती धरायचे, किती वाढले की कळवायचे आणि कोणाला, यातले काहीच त्या ओळीत नसते. आता तिच्या शेजारी 'अ‍ॅप डाउनलोड करा' अशी दुसरी ओळ दिसू लागली आहे. मोबाइलने या रुग्णांचा जीव वाचू शकतो. मात्र भरलेला आकडा त्याच दिवशी पाहणारा आणि त्यावरून गोळी कमी-जास्त करणारा माणूस पलीकडे बसलेला असेल तरच, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी आजाराच्या नावाविषयी. आपल्याकडे 'हार्ट फेल झाले' म्हणजे माणूस गेला. त्यामुळे 'हार्ट फेल्युअर' हे शब्द ऐकताच घरचे हबकतात, किंवा हा हार्ट अटॅकच समजून 'अँजिओप्लास्टी झाली, आता बरे झाले' म्हणून गोळ्या सोडतात. 'पंपिंग ३० टक्के' ऐकले की ७० टक्के हृदय मेले असे वाटते. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आतले सगळे रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते. आजार गंभीर आहे यात शंका नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ मध्ये दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचे सरासरी वय ६१ होते आणि तीन वर्षांत त्यांतले सुमारे ४५ टक्के रुग्ण दगावले. पण हा आजार वर्षानुवर्षे सांभाळता येतो, आणि सांभाळण्याचे बरेचसे काम घरातच होते.

पंपिंग कमी झाले की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. एक लिटर पाणी साठले की काट्यावर एक किलो वाढते. दाखल होण्याची वेळ येते त्याच्या निदान आठवडाभर आधी वजन चढू लागते, असे अनेक रुग्णांत दिसले आहे. दम लागणे, पायांवर सूज येणे हे बहुधा नंतर. मोबाइलचा उपयोग या मधल्या दिवसांचा आहे.

वजन घ्यायचीही एक शिस्त आहे. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत. काटा डिजिटल आणि १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा, कारण सुईच्या काट्यावर अर्ध्या किलोचा फरक नजरेतून सुटतो. काटा सतरंजीवर ठेवला की आकडा चुकतो. शहाबादी फरशी खालीवर असेल तर एकच सपाट जागा शोधून तिथे खडूने चौकट आखावी आणि काटा तिथून हलवू नये. आज घरचा काटा, उद्या मेडिकलच्या दुकानातला, असे केल्यास दोन काट्यांतला फरकच पाणी वाढल्यासारखा दिसतो. आकडा अचानक उडाला तर काट्यावरून उतरून पुन्हा चढावे. तरीही विचित्र वाटले तर आधी सेल बदलावेत.

तुलना कशाशी करायची? पाणी उतरल्यावर, सूज नसताना जे वजन असते त्याला कोरडे वजन म्हणतात. ते डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहिलेले हवे. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर त्याच दिवशी कळवायचे, ही सर्वमान्य मर्यादा. डॉक्टरांनी आधीच लिहून दिले असेल तर रुग्ण लघवीची जादा गोळी ठरवून दिलेले दिवस घेतो आणि वजन कोरड्या वजनावर आले की मूळ डोसवर परततो. वजन उतरलेच नाही तर गोळ्या वाढवत बसू नये. आतड्यालाही सूज आलेली असली की तोंडाने घेतलेले फ्युरोसेमाइड (नेहमीची लघवीची गोळी) नीट शोषले जात नाही, आणि मग इंजेक्शनच लागते.

उलट्या दिशेचा धोका अ‍ॅप बनवणारे बहुतेक विसरतात. जुलाब, उलट्या किंवा उन्हाळ्यातला घाम यांनी वजन दोन किलो उतरले आणि लघवीची गोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन ही या आजाराची औषधे तशीच चालू राहिली, तर बीपी पडतो, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांवर ताण आल्याची खूण) आणि पोटॅशियम चढते. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून वजन घटल्याचा इशाराही वाढीइतकाच महत्त्वाचा. याच कारणाने 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. सैंधवाने मात्र काहीच साधत नाही, तेही सोडियमच. आणि पापड, लोणचे, फरसाण, खारी यांतून जाणारे मीठ भाजीतल्या मिठात कोणी मोजत नाही.

आकडा भरतानाच्या चुका अगदी साध्या असतात. ६२.४ च्या जागी टिंब राहून ६२४ जाते, नाही तर आकडे उलटून २६.४. कालच्यापेक्षा तीन किलोंहून अधिक फरक दिसला तर अ‍ॅपने 'पुन्हा वजन करून पाहा' म्हणावे, एकदम लाल दिवा लावू नये. आवाजी फोन-यंत्रणेत मराठीची वेगळी अडचण आहे. आजी 'पावणेत्रेसष्ट' म्हणतात, आजोबा 'सव्वाबासष्ट'. इंग्रजीवरून उतरवलेल्या यंत्रणेला सव्वा, साडे, पावणे कळत नाहीत, आणि 'बासष्ट'मधला दोन आधी ऐकून ती २६ लिहून बसते. त्यापेक्षा कीपॅडवर आकडे दाबायला सांगावे आणि यंत्राने ते मराठीत परत वाचून दाखवावेत. ब्लूटूथचा काटा असेल तर हा प्रश्न मिटतो, पण जोडणी तुटली की आठवडाभर काहीच पोहोचत नाही आणि घरचे समजतात की सगळे ठीक आहे. आकडा आला नाही, हाही इशाराच धरावा : दोन दिवस नोंद नाही तर फोन.

नुसत्या वजनावर विसंबता येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. दीर्घ आजारात भूक मरते, स्नायू झिजतात. अंगातले मांस दोन किलो घटले आणि पाणी दोन किलो वाढले, तर काटा जागचा हलत नाही. म्हणून वजनाबरोबर रोज चार प्रश्न हवेत. रात्री किती उशा घेतल्या? झोपेतून दम लागून उठून बसावे लागले का? नडगीवर अंगठा दाबून दहापर्यंत मोजले तर खळगा राहतो का, चपलेचा पट्टा रुततो का? लघवीची गोळी घेतली का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर कारण विचारावे. एसटीने चार तासांचा प्रवास असला की ती गोळी हमखास टाळली जाते, कारण वाटेत लघवीला उतरणार कुठे? फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तास असतो. त्या दिवशी मुक्कामाला पोहोचल्यावर, दुपारी घेतली तरी चालते. हे कोणी सांगितलेले नसते, म्हणून दिवसच बुडतो, आणि लग्नसराईत असे चार-पाच दिवस लागोपाठ बुडतात.

आता पुरावा. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्ण रोज स्वयंचलित फोन-यंत्रणेला वजन आणि लक्षणे सांगत. मृत्यू कमी झाले नाहीत, पुन्हा दाखल होणेही नाही. सुमारे १४ टक्के रुग्णांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही, आणि सहा महिन्यांअखेर आठवड्यातून तीनदा तरी वापरणारे ५५ टक्केच उरले. याउलट जर्मनीत बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने चालवलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दीड हजार रुग्ण रोज वजन, बीपी, ईसीजी आणि ऑक्सिजनची नोंद पाठवत. पलीकडे चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका बसलेल्या असत. तिथे वर्षाला दर १०० रुग्णांमागे मृत्यू ११.३ वरून ७.९ वर आले. त्या अभ्यासातले सगळे रुग्ण आदल्या वर्षभरात हृदयासाठी एकदा दाखल होऊन गेलेले होते, म्हणजे जोखीम जास्त असलेले. दोन्ही अभ्यासांत रुग्ण वेगळे, औषधे वेगळ्या काळातली, तेव्हा सरळ तुलना करता येणार नाही. तरी आकडा हाती आल्यावर तासाभरात काय घडते, यात निकालाचे मोठे कारण आहे असे आम्हाला ठामपणे वाटते.

मोबाइलचा दुसरा उपयोग आपल्याकडे जवळजवळ होतच नाही, तो म्हणजे औषधांचे डोस वाढवणे. बीटा ब्लॉकर किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन हे या आजाराचे औषध छोट्या डोसवर सुरू होते आणि रुग्ण वर्षभर तेवढ्यावरच राहतो, कारण दर वाढीला बीपी, नाडी आणि रक्त तपासावे लागते आणि तालुक्याहून शहराची फेरी परवडत नाही. २०२२ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात घरी गेल्यावर दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत नेऊन, वरचेवर तपासणी केली. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आले. घरी नीट घेतलेला बीपी फोनवर पाठवला आणि पोटॅशियम-क्रिएटिनिन गावाजवळच्या लॅबमध्ये केले, तर यातल्या निम्म्या फेऱ्या तरी वाचतील. नीट म्हणजे पाच मिनिटे टेकून बसून, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीला, पट्टा बाहीवरून नव्हे तर उघड्या दंडावर, आणि दंडाच्या मापाचा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी खोटाच जास्त दिसतो. नाडी अनियमित असेल तर तीनदा घेऊन सरासरी काढावी.

स्मार्टवॉचविषयी थोडक्यात : काही घड्याळे अनियमित नाडी पकडतात, ते उपयोगी आहे. साठलेले पाणी घड्याळाला दिसत नाही. साधारण हजार रुपयांचा वजनकाटा आधी घ्यावा.

फोन कोणाचा, हाही प्रश्न आहे. घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो मुलगा सकाळी कामावर घेऊन जातो. आई उठून वजन करते तेव्हा आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिला जातो. मग रात्री त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तोही डॉक्टरांच्या शेकडो संदेशांत. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यावा आणि सिस्टरने उलट फोन करून आकडा विचारावा, ही जुनी रीत अशा घरांत कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त दिवस टिकते.

म्हणून आरोग्य विभागाकडे मागणी अशी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून या आजारावर उपचार होतात, त्याच पॅकेजमध्ये वजनकाटा आणि तीन महिन्यांचा फोनवरचा पाठपुरावा धरावा, कारण घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडेच सर्वांत धोक्याचे असतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात यासाठी एक प्रशिक्षित परिचारिका नेमावी आणि लघवीच्या गोळीचा डोस लेखी नियमावलीप्रमाणे बदलण्याचा अधिकार तिला द्यावा. तिला प्रत्येक वेळी डॉक्टर शोधत फिरावे लागले तर इशारा संध्याकाळपर्यंत पडून राहतो. ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा चांगली सोय आहे, पण तिथे त्या वेळी उपलब्ध असलेला डॉक्टर भेटतो. रोजचे आकडे ओळखीच्या माणसाने पाहावे लागतात. आणि हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नये. द्यायचे तर मोबदल्यासह द्यावे. रुग्णाचे आकडे कोण पाहणार हे त्याला मराठीत सांगून संमती घ्यावी, आणि ते औषध किंवा विमा कंपनीकडे जाणार नाहीत अशी लेखी हमी द्यावी.

तोवर घरच्यांनी निदान एवढे फोनशेजारी लिहून चिकटवावे : कोरडे वजन, लघवीच्या गोळीचे नाव व डोस, दवाखान्याचा नंबर. बसल्या जागी दम लागणे, आडवे होताच गुदमरणे, गुलाबी फेस येणारा खोकला, छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे यांपैकी काहीही झाले तर अ‍ॅप उघडू नये, संदेशाच्या उत्तराची वाट पाहू नये. रुग्णाला पाय खाली सोडून उठवून बसवावे आणि १०८ लावावा.

आपले,
हृदयरोग विभागात काम करणाऱ्या काही परिचारिका व डॉक्टर, सातारा