सूचना : जनरल अरुणकुमार वैद्य स्मृतिदिन

सभासदहो, १० ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजता वाचनालयात जमायचे आहे. वैद्यसाहेब मूळ अलिबागचे, हाडाचे रणगाडेवाले. पाकिस्तानशी १९६५ ला असल उत्तरची लढाई आणि १९७१ ला बसंतरची, दोन्ही वेळा महावीरचक्र! लष्करप्रमुखपदावरून निवृत्त होऊन पुण्यात जेमतेम सहा महिने झालेले. १९८६ च्या त्या दिवशी बाजारहाट उरकून, पत्नी भानुमतीबाईंना शेजारी बसवून स्वतःच गाडी चालवत घरी निघाले होते, तेव्हा हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या. भानुमतीबाईही जखमी झाल्या.

हारतुरे नकोत (दरवर्षी सांगावे लागते). असल उत्तरला उसात दबा धरलेल्या आपल्या शर्मन रणगाड्यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे कसे अडवले, ते आपले एक निवृत्त फौजी सभासद फळ्यावर नकाशा काढून सांगतील. नातवंडांना जरूर आणा. चहा आहे.

– कार्यवाह