रोज त्याच जागी चूक

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हा मायना दहावीला पत्रलेखनासाठी घोकला होता, पंचवीस वर्षांनी आज कामाला आला. खरंतर फोनवरच सांगणार होते, पण फोनवर बाबा तुम्ही अर्ध्यातच "बरं बरं, ते असू दे" म्हणता आणि आई तू पहिल्याच मिनिटाला भाजी काय केलीस वर येतेस, मग सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहायलेय. बाबा, अक्षर मोठं करून वाचा, नाहीतर आईकडून वाचून घ्या, तिचा चष्मा नवा आहे.

चिऊच्या पियानोचं सांगायचंय.

मागच्या मंगळवारची गोष्ट. मी ऑफिसमधून आले, कुकर लावला, आतल्या खोलीतून स्केल, म्हणजे ओळीने सूर चढायचे-उतरायचे ते, ऐकू यायली होती. जी मेजर. आई, तुला पेटीच्या भाषेत सांगते, पांढरी पाचला सा धरायचा आणि सरळ बिलावल, सगळे सूर शुद्ध, त्यात नी येतो काळी तीनवर. चिऊ चढताना नेमकी तिथंच पांढरी चार दाबायची, नी कोमल लागायचा, म्हणजे बिलावलचा खमाज, मग जराशी थांबायची, काळी तीन शोधायची आणि पुढं जायची. होतं असं, आठ वर्षांचं लेकरू आहे. पण मला वाटलं काल पण हेच झालं होतं. परवा पण. आणि नुसती चूक नाही, ते थांबणं पण तेवढंच, मोजून ठेवल्यासारखं. फोडणी अर्धी सोडून मी दारात जाऊन उभी राहिले, तर पियानो आपला आपण वाजायलाय आणि चिऊ त्याच्या खाली फरशीवर पालथी पडून मांजरीचं चित्र रंगवायलीय.

त्या डिजिटल पियानोत रेकॉर्डिंगचं बटन असतं. तिच्या पियानोच्या सरांनीच दाखवलं होतं तिला, आपली चूक आपल्याला ऐकू यावी म्हणून. हिने सगळ्या स्केल एकदा वाजवून भरून ठेवल्या अन् त्याच परत परत लावायची. बाहेर आवाज येतोय म्हणल्यावर मी खुश, सासूबाई खुश.

मला आधी राग आला. खूप. ६० हजाराचा पियानो काय चित्रं काढायला आणलाय का, हप्ते कोण भरतंय, सगळं बोलून झालं, आता लिहिताना लाज वाटायलीय. ती रडली पण नाही. उठली, बटन बंद केलं, स्टुलावर बसली, हात पट्ट्यांवर ठेवले आणि हळूच विचारलं, "हे आजोबांना सांगणार का?"

तिच्या पप्पांना नाही, सरांना नाही, आजोबांना.

बाबा, आधी चिऊची ती पियानोची परीक्षा नेमकी काय आहे ते नीट सांगते, कारण तुम्ही दर रविवारी विचारता आणि मी दर वेळेस घाईत काहीतरी सांगून मोकळी होते. लंडनचं एबीआरएसएम म्हणून संगीताच्या परीक्षा घेणारं बोर्ड आहे, १८८९ सालचं. म्हणजे गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं त्याच्याही १२ वर्षं आधीचं. ग्रेड एक ते आठ. मार्क एकूण १५०, त्यातले तीन पीसला, म्हणजे बसवलेल्या रचनांना, ३०-३०, स्केलला २१, आधी न पाहिलेलं नोटेशन समोर ठेवतात ते वाचून वाजवायचं त्याला २१ आणि कानाने ऐकून ओळखायचं-म्हणायचं त्याला १८. पासला १००, मेरिटला १२०, डिस्टिंक्शनला १३०. तुम्ही गणिताचे मास्तर, हिशोब लगेच लक्षात येईल, पास व्हायलाच सदुसष्ट टक्के लागतात. मागं मी "पास होईल हो" म्हणले तेव्हा तुम्ही "नुसती पास?" म्हणलात ना, ते पस्तीसवालं पास नाही हे. परीक्षक पासच्या मार्कापासून सुरुवात करतो आणि तिथून वर नाहीतर खाली जातो. पहिल्या ग्रेडची अख्खी परीक्षा १२ मिनिटांची, आणि त्यात नंबर बिंबर कुणाचा येत नाही, म्हणजे तुमचा "कितवी आली" हा प्रश्नच तिथं लागू होत नाही.

आणि मला स्वतःला फॉर्म भरून झाल्यावर कळलेली गोष्ट, ग्रेड ओळीने दिल्याच पाहिजेत असं पण नाही. एकदम तिसरी दिली तरी चालते. सहावी ग्रेड आणि त्याच्या पुढं जायचं तेवढं आधी पाचवीची थिअरी वगैरे झालेली लागते. म्हणजे शाळेत तिसरीत असलेल्या पोरीने पहिली ग्रेड यंदा दिली नाही तर काही जगबुडी होत नव्हती.

तरी मी मागं लागले. सर म्हणले होते, मॅडम सहा महिने थांबू, तिचा डावा हात अजून मोकळा नाही. मीच म्हणले, भरून टाका. क्लासच्या ग्रुपवर एकेकाचे सर्टिफिकेट येतात ना, फुलांचे गुच्छ, टाळ्या, नऊ वर्षांचा मुलगा ग्रेड थ्री, ते बघून रात्री झोप लागत नव्हती मला. फ्रिजवर टाइमटेबल लावलं, रोज ४५ मिनिटं, नळाला पाणी येतं तो दिवस सोडून, कारण त्या दिवशी घरात कुणीच जागेवर नसतं. रविवारी मॉक टेस्ट. मी टेबलाच्या पलीकडं वही घेऊन परीक्षक, मोबाइलवर १२ मिनिटं लावायची आणि "नेक्स्ट" म्हणायचं. तुमचे जावई एकदा म्हणले पण, तू अशी बसलीस की मला माझीच व्हायवा आठवते. मी हसले आणि "नेक्स्ट" म्हणले.

बोटांचं सांगायचं राहिलं. पियानोत एका सप्तकाच्या सात पांढऱ्या पट्ट्या साडेसोळा सेंटीमीटर भरतात, मी पट्टीने मोजलं. चिऊचा पंजा पूर्ण ताणला तरी सा ते वरचा सा धड पोचत नाही. पेटीचं बरं असतं, डाव्या हाताने भाता मारायचा, उजव्याने वाजवायचं, सूर भात्यावर टिकतो. इथं दोन्ही हात वेगवेगळं वाजवणार, आणि पट्टी दाबली की सूर विरायलाच लागतो, जोरात की हळू ते बोटाच्या वजनावर. मला शिकवता येतो तो उजवा हात. डाव्या हाताला मी फक्त ओरडू शकते, आणि तेच केलं. मनगट कडक, खांदे कानापर्यंत वर, आणि मंगळवार-शुक्रवार क्लासच्या आधी पोटात दुखायचं. दोनदा डॉक्टरकडं नेलं, जंताचं औषध पण दिलं. आता तुम्हीच सांगा.

एक गोष्ट मात्र घशात अडकल्यासारखी झालीय. गणपतीत हिने आरतीची चाल स्वतः शोधून काढली होती. एका बोटाने, पांढरी एकवरून, चुकत चुकत, दोन ओळी अगदी बरोबर. पळत स्वयंपाकघरात आली, आई आई ऐक ना. मी मोदकाची उकड मळायले होते. मी म्हणले, ते नंतर गं, आधी स्केल झाल्या का? परत काही तिने ती वाजवली नाही.

आता तुमचं, बाबा. तुम्हाला बोलायचं म्हणजे अजून पोटात गोळा येतो, चाळिशी ओलांडली तरी. तुम्ही तो चेन्नईचा लिडियन नावाचा पोरगा, २०१९ला अमेरिकेच्या टीव्हीवर तेराव्या वर्षी पियानो वाजवून स्पर्धा जिंकला तो, त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकलात आणि खाली लिहिलंत, "चिऊने आदर्श घ्यावा". आतापर्यंत चार वेळा टाकलाय. तुम्ही कौतुकाने टाकता, मला माहितीय. पण ती वाचते आता. तिला मराठी वाचता येतं, तुम्हीच शिकवलंय सुट्टीत.

आणि ही काही तुमची एकट्याची चूक नाही, नाहीतर आई म्हणेल बापाला बोलायलीस. आपल्या मराठवाड्यात हे पाण्यातच आहे, जिथं पाणी आहे तिथं. माझ्या दहावीच्या वर्षी आपल्या गल्लीत दुसरा विषय होता का? बोर्डात कोण येणार, लातूरला कुणाला कोणत्या कॉलेजात मिळणार, पेपरात पेढा भरवतानाचा फोटो. गांधर्वच्या संगीताच्या परीक्षा देत मी प्रवेशिका पूर्णपर्यंत आले होते, मध्यमा प्रथमचा फॉर्म आणून ठेवला होता, आणि तुम्ही म्हणलात, एक वर्ष पेटी बंद, नंतर हयातभर वाजव. मग लातूरची दोन वर्षं, मग इथं औरंगाबादला इंजिनिअरिंग, मग नोकरी. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही, त्या मार्कांवरच आज हप्ते भरायलेय, खोटं कशाला बोलू. पण चिऊसाठी पियानो आणला तेव्हा मला वाटलं होतं आपलं राहिलेलं पोरीला द्यावं. पियानो घरात आला अन् त्याच्या मागोमाग लातूर पॅटर्न पण आला, मीच दार उघडलं.

आणि आता जे सांगणार आहे ते पंचवीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. दहावीला तुम्ही मला पहाटे चारला उठवायचा आणि मोठ्याने वाचायला लावायचा, आठवतंय? आवाज बंद झाला की न्हाणीघरातून हाक यायची. मला मुक्तिसंग्रामाचा निबंध तोंडपाठ होता, शाळेत १७ सप्टेंबरच्या स्पर्धेसाठी केलेला. मी तोंडाने "१७ सप्टेंबर १९४८ रोजी" म्हणत राहायचे आणि पुस्तकात दिवाळी अंक धरून गोष्ट वाचायचे. संपला निबंध की परत पहिल्यापासून. तुम्ही दादाला सांगायचा, बघ, पोरगी इतिहासाला किती पक्की आहे. आई, तू चहा आणून ठेवायचीस, अंक दिसत असणारच तुला. कधीच काही बोलली नाहीस. दिसला होता का गं? मला खरंच माहीत करून घ्यायचंय.

त्या मंगळवारी रात्री चिऊ झोपल्यावर हे आठवलं आणि मी एकटीच बाल्कनीत हसत बसले, मग रडले, मग तुमच्या जावयांनी विचारलं काय झालं तर म्हणले काही नाही, मच्छर.

तर आता ठरलंय असं. या वेळेस परीक्षा द्यायची नाही. फी गेली ती गेली. सरांना सांगितलं तर ते काहीच बोलले नाहीत, नुसतं "बरं" म्हणले, पण त्या "बरं"मध्ये सगळं आलं. चिऊला विचारलं तर म्हणली दोन पीस येतात मला, तिसरा आवडत नाही, परीक्षा नसली तरी पुण्याला मात्र जायचं, मावशीच्या मांजरीला पिल्लं झालीत. फ्रिजवरचं टाइमटेबल काढलं, चिकटपट्टीचे डाग राहिलेत ते रॉकेलने निघतात का आई? वाजवते ती आता, कधी दहा मिनिटं, कधी वीस, कधी दोन-दोन दिवस हात लावत नाही. माझा जीव वरखाली होतो, नाही कशाला म्हणू. परवा आठ मिनिटं वाजवून उठली आणि मी घड्याळ बघितलंच. ती जी मेजर अजून तशीच चुकते, पण आता रोज वेगळ्या जागी चुकते.

रविवारी फोन कराल तेव्हा मार्कांचं, ग्रेडचं, क्लासचं काही विचारू नका. तिला विचारायचंच असेल तर मांजरीचं विचारा, काळी आहे, एका डोळ्यावर पांढरा ठिपका आहे, गच्चीवर येते, अर्धा तास बोलेल. व्हिडिओ पण टाकू नका काही दिवस. आरतीचं तर अजिबात काढू नका, ती आपण होऊन वाजवेल तेव्हा वाजवेल.

बाकी आम्ही दिवाळीला भाऊबीजेच्या आदल्या दिवशी निघतो, सकाळच्या गाडीने. आई, गुडघ्याला तेल लावायलीस का नुसतं हो म्हणतेस? सीताफळं एसटीत पाठवू नका, मागच्या वेळेस सगळी फुटून पिशवीचा चिखल झाला होता, आल्यावर खाऊ. बाबा, बीपीची गोळी संपत आली असेल, मेडिकलवाल्याला आधीच सांगून ठेवा, सुट्ट्यांत बंद असतं.

आणि हो, चिऊला मी सांगितलंय की आजोबांना काही सांगणार नाही. तेव्हा तुम्हाला यातलं काहीही माहीत नाही. बाबा, विशेष करून तुम्हाला. तुम्हाला नाटक जमत नाही म्हणून आधीच सांगायलेय, जमलंच नाही तर फोन आईकडं द्या.

तुमची,
ताई