सौर पॅनेलवरील सावलीचा विचार आधी व्हावा

महोदय,

छतावरील सौरयंत्रणेची चर्चा बहुधा किती किलोवॉट बसवायचे यावरच थांबते आणि सावली कुठून, कधी व किती वेळ पडेल हे क्वचितच विचारले जाते, याची मनापासून खंत वाटते. पॅनेलमधील सेल (प्रकाशापासून वीज बनवणारे छोटे घटक) एकसरीत, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडलेले असल्याने एखादा सेल झाकला गेला तरी साऱ्या मालिकेचा प्रवाह अडतो आणि इतर सेलची वीज त्या सेलमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरू लागते. हे टाळण्यासाठी ६० किंवा ७२ सेलच्या पॅनेलमध्ये साधारणतः ३ बायपास डायोड, म्हणजे सेलच्या बाधित गटाला वगळून प्रवाहाला पर्यायी वाट देणारे घटक, असतात; प्रत्येक गटाला एक. मात्र एक डायोड सुरू झाला की पॅनेलचा सुमारे एक तृतीयांश भाग उत्पादनातून बाद होतो. म्हणूनच कठड्याची अरुंद सावली उभ्या बसवलेल्या नेहमीच्या पॅनेलच्या खालच्या कडेवर पडली, तर तिन्ही गट एकदम बाधित होतात; तेच पॅनेल आडवे असते, तर बहुधा एकच गट गेला असता. हा बदल जवळजवळ बिनखर्चाचा आहे.

ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे प्रत्येक पॅनेलची वीज स्वतंत्रपणे हाताळणारी छोटी उपकरणे, एका पॅनेलचा तोटा इतरांपर्यंत पोहोचू देत नाहीत, हे खरे. परंतु हरवलेला प्रकाश तेही परत आणू शकत नाहीत. त्यामुळे सूर्य सर्वांत खाली असतो त्या हिवाळ्यातील लांब सावल्या गृहीत धरून केलेला लेखी सावली-आराखडा, सावलीतील पॅनेल इतरांपासून वेगळ्या मालिकेत जोडण्याच्या तरतुदीसह, प्रत्येक पुरवठादाराने करारापूर्वीच ग्राहकाला द्यावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक वाचक